काचेच्या छतावरचा टवका

कामठीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिंचेचे एक जुने झाड आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंचा गाभुळू लागल्या की त्याखाली शाळकरी मुलांची गर्दी होते आणि गोटे वर जाऊ लागतात. वर गेलेला प्रत्येक गोटा खाली येतोच. तो नेमका कोठे येईल हे गोटा मारणाऱ्याच्या हातात नसते. यंदा असाच एक गोटा झाडाखाली उभ्या असलेल्या मोटारीच्या छतावर आला. मोटार आमच्या शेजारच्या काकाजींची, नवी कोरी, आणि तिचे छत काचेचे!

काकाजींनी छत निरखून पाहिले. तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता, बाकी काच जशीच्या तशी होती. मुलाला चार शब्द ऐकवून त्यांनी तो विषय तेथेच सोडला. पुढे जवळजवळ दोन महिने काही झाले नाही. मे महिन्यातील एका दुपारी काकाजी कोठूनसे आले, मोटार अंगणात उभी केली आणि धुळीने माखलेल्या छतावर विंधन विहिरीच्या नळीने पाणी सोडले. ‘टक्’ असा आवाज झाला आणि टवक्यापासून हातभर लांबीचा तडा काचेतून धावत गेला. दोन दिवसांनी तो या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचला होता.

मग दोघेही माझ्याकडे आले. काकाजी म्हणाले, “प्राध्यापक साहेब, तुम्हीच सांगा, हे गोट्यानंच झालं की नाही?” आणि नववीतला तो मुलगा खाली मान घालून म्हणाला, “सर, गोटा माह्याच हातचा होता. पण काच तवा फुटली नव्हती ना!”

प्रश्न पैशाचा होता, कारण असे छत बदलणे हे साध्या खिडकीची काच बदलण्याइतके स्वस्त काम नाही. पण तो पदार्थविज्ञानाचाही होता. विद्यार्थी मित्रहो, काच का फुटते, केव्हा फुटते आणि फुटण्यापूर्वी काय सुचवून जाते, हे समजल्याशिवाय त्या मुलाला उत्तर देता आले नसते.

काच दिसायला नाजूक असली तरी तिच्यातील अणूंचे परस्परांशी असलेले बंध अतिशय बळकट असतात. केवळ त्या बंधांचा हिशोब केला तर काच दर चौरस सेंटिमीटरला कित्येक दहा हजार किलोग्रॅमचा ताण सहज सोसेल असे उत्तर येते. प्रत्यक्षात मात्र आपल्या खिडकीची साधी काच त्याच्या शंभराव्या हिश्श्यालाही मोडते. ही तफावत कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म भेगा असतात. काच ओढली किंवा वाकवली की ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही, तो भेगेच्या टोकाशी गोळा होतो. टोक जितके तीक्ष्ण तितका तेथला ताण मोठा. लोखंडात असे झाले तर टोकापाशी लोखंड किंचित वाहते, टोक बोथट होते आणि संकट टळते. काचेला वाहणे माहीत नाही. तिच्या भेगेचे टोक तीक्ष्णच राहते.

याचा पडताळा घरी पाहता येईल. दुकानातून मिळणारी प्लॅस्टिकची पातळ पिशवी घ्या आणि तिची अखंड कडा दोन्ही हातांनी ओढून फाडण्याचा प्रयत्न करा. बरीच ताकद लागेल. आता कडेला कात्रीने नखाएवढी चीर द्या आणि पुन्हा ओढा. पिशवी क्षणात फाटेल. तिसऱ्या वेळी चिरेच्या टोकाशी कागदाला भोके पाडण्याच्या यंत्राने एक गोल भोक पाडा आणि ओढून पाहा. चीर पहिल्यापेक्षा लांब झाली तरी पिशवी पुन्हा ताकद मागते, कारण तीक्ष्ण टोकाची जागा गोलाईने घेतली. काचकाम करणारा कारागीर हिरकणीने काचेवर नुसती एक रेघ ओढतो आणि टिचकीसरशी काच त्या रेषेवर दुभंगते, त्यातही हेच तत्त्व आहे. रेघ काचेच्या जाडीच्या मानाने अगदी उथळ असते, पण टोक तिच्याजवळ असते.

ग्रिफिथच्या सूत्राप्रमाणे काच मोडायला लागणारा ताण भेगेच्या खोलीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. भेग चौपट खोल झाली की काच निम्म्या ताणाला मोडते. मोटारीच्या काचेला लागू पडतील असे ढोबळ आकडे असे : भेग १/१६ मि.मी. असेल तर काच दर चौ. सेंमी.ला सुमारे ४८० किलोग्रॅम ताण सोसते, पाव मि.मी. असेल तर २४०, आणि १ मि.मी. असेल तर अवघे १२०. तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला की त्याच्या तळाशी मिलिमीटरभर खोलीची भेग राहून जाणे सहज शक्य आहे. म्हणून टवक्याचा आकार पाहून “एवढासा तर आहे” असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता मे महिन्यातील कामठीकडे वळू. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो, हे विदर्भातील वाचकांना सांगायला नको. तो हवेचा पारा झाला. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीची गडद रंगाची छताची काच ऊन शोषून घेते आणि ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकते. हात टेकवत नाही. उलट जमिनीखालचे पाणी बाराही महिने साधारण २७-२८ अंशांवर असते. म्हणजे काच आणि पाणी यांच्यात ४० अंशांचा फरक.

काच तापली की प्रसरण पावते, हे आपण शिकलोच आहोत. साध्या काचेचा प्रसरणांक दर अंशाला ०·०००००९ आहे. म्हणजे १ मीटर लांबीची काच ४० अंशांनी थंड झाली तर ०·३६ मि.मी. आखडू पाहते. पण पाणी पडलेला वरचा पातळ थरच आखडू पाहतो आहे, खालचा भाग अजून गरम आणि ताणलेला आहे. तो वरच्या थराला आखडू देत नाही. परिणामी वरच्या थरात ताण निर्माण होतो. किती? लांबीतील फरकाचे प्रमाण ०·०००३६, आणि काचेचा यंगचा गुणांक दर चौ. सेंमी.ला सुमारे ७,००,००० किलोग्रॅम. दोहोंचा गुणाकार केला की उत्तर २५२ येते. (काच दोन्ही दिशांनी अडलेली असल्यामुळे खरा आकडा थोडा वाढतो, आणि पाणी पडताक्षणी थर पूर्ण थंड होत नसल्यामुळे थोडा घटतोही. हिशोबापुरते अडीचशे धरू.)

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. धड काच अडीचशे किलोग्रॅमचा ताण निमूट सोसते, आणि म्हणून शेकडो लोक भर उन्हात मोटारी धुतात तरी प्रत्येक काच तडकत नाही. मिलिमीटरभर भेग असलेली काच मात्र १२० लाच हार मानते. काकाजींच्या छतावर गोटा पडला तेव्हा भेग तयार झाली. पाणी पडले तेव्हा ताण तयार झाला. तडा जायला दोन्ही हवे होते.

आजी-आजोबांना विचाराल तर त्यांना हे निराळ्या रूपात आठवेल. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी असे. पेटलेल्या कंदिलाच्या तापल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की काच तडकत असे, आणि दुसरी आणायला बाजाराचा दिवस येईपर्यंत थांबावे लागे. प्रयोगशाळेतील चंचुपात्र आपण ज्योतीवर तापवतो आणि ते टिकते, कारण ते ज्या बोरोसिलिकेट काचेचे असते तिचा प्रसरणांक साध्या काचेच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. मोटारीचे छत मात्र साध्या जातीच्याच काचेचे असते.

मग मधले दोन महिने टवका गप्प का बसला होता? खरे म्हणजे तो गप्प नसावा. भेगेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध पाण्याच्या रेणूंना बळी पडतात. हवेतील दमटपणाही त्याला पुरतो. असा एकेक बंध सुटत भेग अतिशय मंदपणे पुढे सरकत राहते, डोळ्यांना कळणार नाही अशा गतीने. मोटार खड्ड्यातून जाते तेव्हा तिचा सांगाडा किंचित पिळला जातो, वातानुकूलनामुळे काच आतून थंड आणि बाहेरून गरम राहते, आणि चौकटीत दडलेल्या काचेच्या कडा मधल्या भागाहून थंड असल्यामुळे तेथे कायम ताण असतो. प्रत्येक वेळी भेग थोडी सरकते. यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. टवका ओला आणि मळका होऊ देऊ नये, आणि कडेजवळचा टवका मध्यावरच्या टवक्यापेक्षा अधिक घातक समजावा.

एवढ्यावर काकाजींचे प्रकरण सुटले. पण त्यांच्या छताची काच दुसऱ्या जातीची असती तर गोष्ट पार निराळी झाली असती.

मोटारीत दोन प्रकारची सुरक्षा काच वापरतात. एक ‘लॅमिनेटेड’ म्हणजे स्तरित काच. तिच्यात काचेच्या दोन तक्त्यांमध्ये चिवट प्लॅस्टिकचा एक पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो. वरचा तक्ता तडकला तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, आणि खालचा तक्ता बहुधा शाबूत राहतो. समोरची काच याच जातीची असते. दुसरी ‘टेम्पर्ड’ किंवा ‘टफन्ड’. हिला मराठीत पाणी दिलेली काच म्हणायला हरकत नाही. लोहार विळा लाल तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. काचेला हे पाणी वाऱ्याचे असते! तक्ता ६०० अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून थंड होत आखडू लागतो आणि थिजलेल्या पृष्ठभागाला आत ओढून घेतो. अशा रीतीने पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. पृष्ठभागावरचा हा दाब दर चौ. सेंमी.ला ७०० किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक असतो. भेगेची दोन्ही अंगे दाबून धरलेली असल्यामुळे बाहेरचा ताण हा दाब पुरता ओलांडीपर्यंत भेग उघडू शकत नाही. अडीचशेच्या आपल्या पाण्याच्या फटक्याला ही काच दादही देत नाही.

पण हिचे बळ तिच्या सालीत आहे. ही साल दर बाजूला जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ४ मि.मी. काचेत ०·८ मि.मी. खोल असते. ओरखडा त्याच्या आत थांबला तर काही होत नाही. भेग साल ओलांडून गाभ्यात शिरली की मात्र तेथे कोंडलेला ताण एकदम मोकळा होतो, तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने फाटे फोडीत धावतो, आणि सारा तक्ता हरभऱ्याच्या डाळीएवढ्या खड्यांचा होऊन कोसळतो. हे खडे सुऱ्यासारखे धारदार नसतात, म्हणून तर ही काच सुरक्षा काच म्हणवते. सतराव्या शतकात काचेच्या रसाचा थेंब पाण्यात टाकून बनवलेल्या ‘प्रिन्स रुपर्टच्या थेंबां’नी इंग्लंडातील विद्वानांना असेच चकित केले होते. थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नसे, आणि शेपटी मोडली की सगळ्याचे पीठ होई. रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथात त्यांची चर्चा केली आहे.

अशी काच कधी कधी कोणीही हात न लावता फुटते. घडते फार क्वचित, पण घडले की लोक भुताटकी समजतात किंवा कोणावर तरी आळ घेतात. काच बनवताना तिच्यात निकेल सल्फाइडचा एखादा सूक्ष्म कण राहून जातो. या संयुगाची स्फटिकरचना ३७९ अंशांच्या वर एक आणि खाली दुसरी असते. काच झटपट थंड केल्यामुळे कणाला बदलायला वेळ मिळत नाही, आणि तो जुन्या रचनेतच अडकून पडतो. पुढे महिन्यांनी, वर्षांनी तो हळूहळू बदलतो आणि फुगतो. फुगवटा शेकडा २ ते ४ एवढाच, पण कण गाभ्यातील ताणाच्या प्रदेशात असेल तर तेवढा पुरतो.

आता तुमच्या घरच्या, नात्यातल्या किंवा भाड्याच्या मोटारीला काचेचे छत असेल तर काय पाहाल? पहिले काम म्हणजे जात ओळखणे. काचेच्या कोपऱ्यात कोरलेला एक छोटा शिक्का असतो, त्यावर लॅमिनेटेड, टेम्पर्ड किंवा टफन्ड असा शब्द बहुधा इंग्रजीत सापडतो. काही मोटारींत छताचा पुढला तक्ता एका जातीचा आणि मागला दुसऱ्या जातीचा असतो, म्हणून दोन्ही शिक्के वाचा. ध्रुवणकारी काळा चष्मा मिळाला तर एक गंमतही करता येईल. संध्याकाळच्या निळ्या आकाशाचे प्रतिबिंब पडलेली मोटारीची मागची काच त्यातून पाहा. पाणी दिलेली असेल तर तिच्यावर चित्त्यासारखे ठिपके किंवा पट्टे दिसतील. हवेचे झोत जेथे जेथे लागले त्यांच्या त्या खुणा.

मग काच थंड असताना, म्हणजे सकाळी, ती पुसून तिच्यावरून हलकेच नख फिरवा. डाग असेल तर नख अडणार नाही, टवका असेल तर अडेल. तडा वाटला तर आतल्या बाजूनेही नख फिरवून पाहा. दोन्ही बाजूंनी अडत असेल तर स्तरित काचेचे दोन्ही तक्ते गेले असे समजावे. गारपिटीनंतर ही तपासणी अवश्य करावी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात जी गारपीट झाली तिने पिकांबरोबर कौले आणि काचाही फोडल्या होत्या. एक सूचना जाता जाता : छतातून पाणी ठिबकले म्हणजे काच फुटलीच असे नाही. छताच्या चौकटीत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, आणि कडुनिंबाखाली मोटार लावणाऱ्यांच्या नळ्या पाल्याने तुंबतात.

स्तरित काचेच्या फक्त वरच्या तक्त्यावर, कडेपासून दूर, रुपयाच्या नाण्याहून लहान टवका असेल तर तो बहुधा भरता येतो. कारागीर टवक्यातील हवा ओढून घेतो, त्यात पातळ राळ भरतो आणि जंबुपार किरणांनी ती घट्ट करतो. राळेचा अपवर्तनांक काचेच्या जवळ, म्हणजे दीडच्या आसपास असल्यामुळे टवका दिसेनासा होतो. पण खरा लाभ दिसण्यात नाही. राळ भेगेच्या टोकापर्यंत शिरून तिची दोन्ही अंगे जोडते. आत पाणी आणि धूळ शिरलेली असेल तर ती टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून टवका उडाल्याच्या दिवशीच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी, आणि भरून होईपर्यंत तापल्या काचेवर पाणी किंवा थंड काचेवर वातानुकूलनाचा गरम झोत सोडू नये. लांब तडा किंवा कडेला पोचलेला तडा भरून भागत नाही, तक्ता बदलावा लागतो.

पाणी दिलेल्या काचेला राळेचा उपयोग नाही. तिच्यात नख अडेल एवढा टवका दिसला तर भेग साल ओलांडण्याच्या किती जवळ आहे हे बाहेरून सांगता येत नाही. ती बदलावी, आणि तोवर आतला पडदा ओढून ठेवावा. चालत्या मोटारीत असे छत फुटले तर मोठा आवाज होतो आणि चालवणारा दचकून चाक वळवतो. धोका खड्यांपेक्षा या दचकण्याचा अधिक आहे. वर न पाहता वेग हळूहळू कमी करून मोटार कडेला घ्यावी, मागे बसलेल्यांनी डोळे मिटून मान खाली घालावी, आणि खडे हाताने न झटकता कपडे उभ्याने झाडावेत.

काकाजींची काच स्तरित निघाली. ज्या दिवशी टवका उडाला त्या दिवशी ती दुरुस्त होण्याजोगी होती, आता ती बदलावी लागली. आकडेमोड मी त्यांना कागदावर करून दाखवली. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे अर्धा दगड पोराचा आणि अर्धं पाणी माझं.” मुलाच्या वडिलांनी काही पैसे पुढे केले होते, ते त्यांनी परत दिले. जुन्या काचेचा टवक्याजवळचा तुकडा आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. भिंगाखाली धरला की तडकलेल्या पृष्ठभागावर पंख्यासारख्या पसरत गेलेल्या बारीक रेषा दिसतात. त्या उलट दिशेने मागे नेल्या की सगळ्या टवक्याच्या तळाशी एका बिंदूत मिळतात. तो बिंदू त्या मुलाने सर्वांच्या आधी शोधून काढला.